गच्चीवरच्या नऊ पेट्या

ताई टाइपरायटर घेऊन आली तेव्हाच वहिनींनी ओळखलं, की आजचं भांडण चहाच्या कपाबरोबर संपणारं नाही. साठी उलटलेली ही बाई दोन जिने चढून, ते अवजड यंत्र पोटाशी धरून, धापा टाकत दारात उभी होती आणि मदतीला पुढे झालेला हात तिने नुसत्या मानेने परतवला. कोर्टात एकतीस वर्षं टायपिस्ट म्हणून काढली, आणि कचेरीने जुनी यंत्रं भंगारात काढली तेव्हा आपलं तेवढं तिने उचलून घरी आणलं. भावांशी गंभीर बोलायचं असलं की ते बरोबर यायचंच. आईच्या शिलाईच्या मशीनवरून जुंपली होती तेव्हाही आलं होतं, आणि त्या वेळी टेबलावर पडलेले चार ओरखडे वहिनींनी अजून माफ केले नव्हते. त्यांनी टेबलावर जाड टॉवेल अंथरला.

टेबलाच्या एका टोकाला वहिनींचे यजमान, दादा, बसले होते. वय एकाहत्तर, निवृत्त पोस्टमास्तर, घरातले थोरले आणि गेली अकरा वर्षं बाबांच्या मधमाश्यांचे विश्वस्त. इस्त्रीचा शर्ट, खिशाला दोन पेनं, आणि रांग लांबलचक असताना खिडकी बंद करणाऱ्या माणसाच्या चेहऱ्यावर असतो तो भाव. दुसऱ्या टोकाला धाकटा भाऊ. पेशाने दंतवैद्य, वय अठ्ठावन्न, आणि तरी घरात सगळे त्याला बाळ म्हणत. मधल्या खुर्चीत ताईची मुलगी छोटी. ही सभा तिच्यासाठी भरली होती, किंवा दादांच्या मते तिच्यामुळे.

बाबांनी जाण्यापूर्वी लिहून ठेवलेला कागद एकाच पानाचा होता. बागेतल्या बारा पेट्या, त्यांतल्या माश्या आणि पुढे त्यांचं जे काही वाढेल ते, सगळं नातवंडांचं. धाकटं नातवंड पंचवीस वर्षांचं होईपर्यंत थोरल्याने सांभाळायचं आणि मग त्यांच्या हवाली करायचं. थोरल्यानेच का, तर त्याला मूलबाळ नाही, म्हणून यात त्याच्या घराचा हिस्सा नाही, म्हणून त्याला मोह होण्याचा प्रश्नच येत नाही. बाबांना माश्यांचं मन बरोबर कळायचं. मुलांच्या बाबतीत त्यांची नजर तेवढी चालत नसे.

नातवंडं दोनच. एक बाळचा मुलगा. तो लांबच्या शहरात राहायचा, त्याला माशी चावली की त्याचे डोळे दोन दिवस उघडत नसत, आणि त्याने फोनवर कळवलं होतं की छोटी म्हणेल त्याला माझी सही समजा. दुसरी छोटी. तिला पंचवीस पूर्ण होऊन तीन आठवडे झाले होते. पहिल्या आठवड्यात दादांना ताप आला. दुसऱ्या आठवड्यात बागेच्या फाटकाची किल्ली सापडेना. तिसऱ्या आठवड्यात छोटी फाटकावरून चढून आत गेली. बागेत विटांचे बारा चौथरे होते, त्यांतल्या चारांवर पेट्या होत्या आणि आठांवर गवत. त्या चार पेट्यांतल्या माश्याही अशा काही सुस्त होत्या, की दुपारच्या वेळची कचेरी बरी. तिथून ती थेट मामाकडे आली, मामीने पाण्याचा पेला हातात दिला, आणि पेला तोंडाला लावता लावता तिला डोक्यावरच्या स्लॅबमधून घूं असा आवाज ऐकू आला. गच्चीवर नऊ पेट्या होत्या. सगळ्या आकाशी रंगाच्या, सगळ्या गच्च भरलेल्या.

आणि छोटीने रोपवाटिकेतली नोकरी सोडलेली होती. गावाबाहेरच्या फळबागेचा मालक तिला म्हणाला होता की आठ दिवसांत मोहोर फुटेल, झाडांमध्ये ठेवायला बारा पेट्या आण, या वर्षी जमलं तर दर वर्षी तूच. रविवारपर्यंत पेट्या आल्या नाहीत तर तो दुसऱ्या माणसाला बोलावणार होता. आज शुक्रवार. तिचं पुढचं सगळं आयुष्य त्या आकाशी पेट्यांत बसून घूं घूं करत होतं आणि मामा बिस्किटाची पुडी उघडत होते.

ताईने कागद चढवला, रूळ फिरवला आणि सुरुवात केली. विश्वस्ताने कर्तव्य मोडलं तर लाभार्थ्यांना काय काय मागता येतं हे तिने आजवर दुसऱ्यांसाठी इतक्या वेळा टाइप केलं होतं, की तिची बोटं तिच्या आधीच पुढे जात होती. विश्वस्ताला काढून टाकता येतं. वस्तू जिथे गेली असेल तिथपर्यंत तिचा माग काढून ती परत आणता येते. नुकसान झालं असेल तर त्याच्याकडून भरून घेता येतं. त्याला त्यातून स्वतःचा काही फायदा झाला असेल, तर कुणाचं नुकसान झालेलं असो वा नसो, तो फायदा काढून घेता येतो. आणि पुढे आणखी काही करू नये म्हणून मनाई हुकूम आणता येतो. हे सगळं ती एका दमात बोलली. तिचा चेहरा खुलला होता. एकतीस वर्षं लोकांच्या लग्नात वाढप करणाऱ्या बाईला पहिल्यांदाच स्वतःच्या पानावर बसायला मिळालं होतं.

दादा म्हणाले की त्यांनी काहीही नेलेलं नाही. माश्या आपणहून आल्या. माशी ही काही गाय नव्हे, तिच्या गळ्यात दोरी नसते, तिला जिथे बरं वाटतं तिथे ती जाते, आणि त्यांच्या गच्चीवर तिला बरं वाटलं यात त्यांचा काय दोष.

"गावाच्या त्या टोकापासून या टोकापर्यंत?" ताईने विचारलं. "आणि पेटीसकट?"

पेट्या आपण स्वतः बनवल्या आहेत, असं दादा म्हणाले. फळ्या त्यांच्या, खिळे त्यांचे, रंग त्यांचा. यावर ताई खुर्चीत पुढे सरकली. ती म्हणाली की विश्वस्ताने स्वतःची माशी पाळायचीच नसते. दुसऱ्याची वस्तू सांभाळणाऱ्याने आपला फायदा आणि आपलं कर्तव्य समोरासमोर येतील अशा जागी उभंच राहायचं नाही, आणि दादा तर तिथे नऊ पेट्या मांडून बसले आहेत. गेल्या वर्षीच्या प्रदर्शनातला मधाचा पहिला नंबर कुणाच्या नावावर आहे, हेही तिने विचारलं. दादांनी बिस्किट चहात बुडवलं आणि ते कपात तुटून पडलं.

"चषक कपाटात आहे," वहिनी स्वयंपाकघरातून म्हणाल्या. "मी त्यात कपड्यांचे चिमटे ठेवते. घेऊन जा हवा तर."

वहिनी पंचेचाळीस वर्षं दादांच्या बाजूने बोलत आल्या होत्या, त्यामुळे त्यांच्या या वाक्यावर सगळ्यांनी स्वयंपाकघराच्या दाराकडे पाहिलं. खरं म्हणजे वहिनींचं दुःख निराळंच होतं. गेली चार वर्षं त्यांच्या गच्चीवर कपडे वाळत घालायची सोय राहिली नव्हती. चादरीवर पिवळे ठिपके पडत. ओला टॉवेल झटकला की दोन माश्या बाहेर येत. दादांना सांगितलं की ते म्हणत, हळू झटक, त्या दमून आलेल्या असतात. वहिनी आयुष्यभर दमून आल्या होत्या आणि त्यांच्यासाठी कुणी हळू काही केलेलं त्यांना आठवत नव्हतं.

आता राहिला प्रश्न कुठली माशी कुणाची याचा. दादा म्हणाले की नऊतल्या निदान पाच माश्यांच्या वसाहती त्यांनी स्वतः वाढवल्या आहेत, आणि हे म्हणताना ते पहिल्यांदाच समोर बघून बोलले. त्या पाच कुठल्या, असं छोटीने विचारलं. तेव्हा मात्र दादांनी पुन्हा खाली कपात पाहिलं. पेट्यांवर पूर्वी आकडे होते. तीन वर्षांपूर्वी गच्चीच्या दाराला लावून आकाशी रंग उरला, डबा वाया जाऊ नये म्हणून त्यांनी नऊच्या नऊ पेट्या रंगवून टाकल्या, आकड्यांसकट. पोस्टात चाळीस वर्षं एक पाकीट इकडचं तिकडे होऊ न देणारा माणूस, अर्ध्या डब्याच्या लोभापायी फसला होता.

ताईने टाइप करायचं थांबवलं. तिला इतका आनंद झाला होता, की तो आवरायला तिने चष्मा पुसला. मग तिने समजावून सांगितलं, की विश्वस्ताने आपली वस्तू सांभाळायला दिलेल्या वस्तूत मिसळून टाकली तर वेगळं करून दाखवायची जबाबदारी त्याचीच. त्याला दाखवता आलं नाही, तर सगळं लाभार्थ्यांचं.

"वर चला," दादा म्हणाले. "दाखवतो."

जाळीची टोपी घरात एकच होती, ती दादांनी छोटीला दिली. ही गोष्ट ताईच्या लक्षात आली आणि तिला आवडली नाही, कारण आज तिला दादांविषयी काहीही चांगलं वाटून घ्यायचं नव्हतं. तिला टायपिंगच्या क्लासला दादांनीच घातलं होतं. बाबा नको म्हणत होते, आणि दादा रोज सायकलवर मागे बसवून तिला सोडायला जायचे. ती आठवण सकाळपासून दोनदा येऊन गेली होती आणि दोन्ही वेळा तिने ती परत पाठवली होती. वहिनींनी तिला खिडकीचा जुना पडदा डोक्यावरून घ्यायला दिला. दंतवैद्याने गाडीतून पेशंट तपासताना लावायचा प्लास्टिकचा मुखवटा आणला आणि तो लावून जिन्याच्या शेवटच्या पायरीवर उभा राहिला.

दंतवैद्याला वर जायचंच नव्हतं. सकाळी ताईचा फोन आला तेव्हा तो लगेच तिच्या बाजूने झाला होता, कारण ताईच्या विरुद्ध बाजूला असणं काय असतं हे त्याला शिलाईच्या मशीनपासून ठाऊक होतं. दादाने मर्यादा सोडली, मुलाच्या हक्काचा प्रश्न आहे, असं बरंच काही तो बोलला होता. आता मात्र दादांनी तिसऱ्या पेटीचं झाकण उघडलं, हलका धूर दिला, आणि पोळ्याच्या मधल्या चौकटीला हात घातला, तेव्हा त्याला घाम फुटला. त्याला पुढे काय दिसणार हे ठाऊक होतं.

दादांची बोटं बघण्यासारखी होती. खाली टेबलावर ज्याचं बिस्किट तुटलं तो माणूस हा नव्हेच. त्यांनी चौकट अशी उचलली, की वरची एक माशीसुद्धा बिचकली नाही. शेकडो सारख्या माश्यांमधून एक लांबट, सावकाश चालणारी माशी त्यांनी छोटीला बोटाने दाखवली. ती राणी. तिच्या पाठीवर एक गुलाबी ठिपका होता. राणी पटकन ओळखता यावी म्हणून असा ठिपका देतात, हे छोटीला माहीत होतं. रंग मात्र तिने असा कधी पाहिला नव्हता.

"हा कसला गुलाबी?" ताईने पडद्याआडून विचारलं.

दादांनी दुसरी पेटी उघडली, मग चौथी, मग सातवी, मग उरलेल्याही. प्रत्येक राणीच्या पाठीवर तोच ठिपका. आपल्या पाच नुसत्या चालीवरून ओळखू, या भरवशावर ते वर आले होते. नऊही राण्या हुबेहूब सारख्या निघाल्या. सातवीच्या वेळी वहिनी जवळ आल्या, वाकून पाहिलं आणि म्हणाल्या की हा तर कवळीतल्या हिरड्यांचा रंग आहे. माझ्या कवळीचा पण हाच आहे.

मग सगळ्यांनी जिन्याकडे पाहिलं. दंतवैद्याच्या मुखवट्यावर आतून वाफ जमली होती.

त्याला कबूल करावंच लागलं. कवळी बनवायच्या सामानातला तो रंग बाबांच्या वेळेपासून तोच पुरवत होता. बाबा गेल्यावर दर वसंतात दादा दवाखान्यात यायचे, एक लहान बाटली न्यायचे आणि मधाच्या दोन मोठ्या बरण्या ठेवून जायचे. पेट्या गच्चीवर आल्या आहेत हे त्याला पहिल्या वर्षापासून माहीत होतं. एक पेटी तर त्याच्याच गाडीतून आली होती. त्या मधाचं तो काय करायचा, असं ताईने विचारलं. दंतवैद्याने मुखवटा काढून पुसला, आणि मग म्हणाला की लहान पेशंटना बक्षीस म्हणून छोटी डबी देत असे.

"दातांच्या पेशंटना मध," ताई म्हणाली.

"परत येतात," दंतवैद्य म्हणाला.

सगळे खाली आले ते बसण्याची जागा बदलून. ताईने टाइपरायटरपाशी बसता बसता सांगितलं होतं, की विश्वस्त चुकतो आहे हे माहीत असून जो त्याला हातभार लावतो, तोही त्याच्याबरोबर जबाबदार धरला जातो. हे ऐकून दंतवैद्य उठला आणि दादांच्या शेजारी जाऊन बसला. भावाभावांत कोर्टाची भाषा कशाला, असं तो आता म्हणू लागला. बाबांना हे आवडलं नसतं, असंही म्हणाला. वहिनी चहाची किटली घेऊन ताईच्या शेजारी बसल्या आणि पेट्या आजच्या आज हलवता येतील का, एवढंच त्यांनी विचारलं. छोटी मध्येच राहिली. तिला कुणी विचारलंही नाही.

दादा मात्र बदलले होते. नऊ ठिपके उघडे पडल्यावर माणूस खचायला हवा होता. उलट त्यांच्या चेहऱ्यावर तकाकी आली होती. त्यांनी चष्मा लावला आणि ताईला म्हणाले, लिहून घे. मग त्यांनी स्वतःच सांगायला सुरुवात केली. बागेतल्या पेट्या त्यांनीच हलवल्या, एकेक करून. पहिली हलवली तेव्हा गुडघ्यांमुळे, चढ चढवेना म्हणून. पण बाकीच्या हलवल्या त्या हावेने. सकाळी उठल्या उठल्या त्या दिसाव्यात म्हणून. उरलेल्या चार पेट्यांकडे त्यांनी दुर्लक्ष केलं. प्रदर्शनाच्या अर्जात मालकाच्या रकान्यात त्यांनी स्वतःचं नाव लिहिलं आणि लिहिताना हात अजिबात कापला नाही. शेजाऱ्यांना ते माझ्या माश्या म्हणत. ताप आला नव्हता, आणि बागेची किल्ली त्यांच्या खिशात होती, आत्ताही आहे.

ताई टाइप करत गेली. तिसऱ्या कबुलीपर्यंत ती जोरात होती, पाचवीला तिचा वेग मंदावला आणि सातवीला तिने हात उचलले. तिने आजवर कुठल्याही विश्वस्ताला असं बोलताना ऐकलं नव्हतं. सगळे नाकारतात. निदान आठवत नाही तरी म्हणतात.

"तुला काय हवंय दादा?" तिने विचारलं.

"दावा लाव."

"काय?"

"माझ्यावर दावा लाव. उद्याच लाव. मी वकीलसुद्धा देणार नाही."

ताई त्यांच्याकडे बघत राहिली आणि मग तिच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. कौटुंबिक जेवणात ती एक गोष्ट नेहमी सांगायची. एका विश्वस्ताने मोठं घर बळकावलं, पुतण्यांनी दावा लावला, पहिल्याच तारखेला कोर्टाने हुकूम दिला की निकाल लागेपर्यंत सगळं जसं आहे तसं राहू द्यावं, आणि निकाल लागायला चौदा वर्षं लागली. चौदाही वर्षं तो विश्वस्त त्याच घरात, त्याच खाटेवर झोपला. गोष्ट ऐकताना सगळे हसायचे. दादा हसत नसत, भाताची मूद मोडत बसायचे. आता कळलं की ते मनातल्या मनात बेरीज करत होते. एकाहत्तर आणि चौदा, पंच्याऐंशी. त्यानंतर पेट्या कुणीही न्याव्यात.

"लाज नाही वाटत?" ताई म्हणाली. तिच्या गोष्टीने तिच्याच मुलीचा गळा धरला होता.

"वाटते," दादा म्हणाले.

दंतवैद्याने हळूच विचारलं की दाव्यात त्याचंही नाव येईल का.

छोटीचा राग इतका वेळ नीट उभा होता. रविवारी फळबागेचा मालक दुसऱ्याला बोलावेल, रोपवाटिकेत तिच्या जागी कालच कुणीतरी लागलं, आणि समोर बसलेला हा म्हातारा इस्त्रीचा शर्ट घालून तिची चौदा वर्षं मागत होता. तिला ओरडायचं होतं. पण मघाशी गच्चीवर तिने त्यांची बोटं पाहिली होती, आणि तेव्हापासून एक विचार तिचा पिच्छा सोडत नव्हता. नऊच्या नऊ राण्यांना गुलाबी ठिपका. बाबांच्या वेळची एकही राणी आता जिवंत असणं शक्य नव्हतं. पाच वसाहती आपल्या, असं म्हणणाऱ्या माणसाने आपल्या राण्यांना दुसरा कुठला तरी रंग द्यायला नको का? ते तिने त्यांना विचारलं.

दादांनी चष्मा काढला. पांढरा रंग आणून ठेवला होता, ते म्हणाले. दोनदा काडी बुडवलीसुद्धा.

"मग?"

"हात जाईना. बाबांच्या माश्या त्या." मग एकदम, कुणी न विचारता, ते बोलू लागले. "बाबांनी तुम्हाला माश्या दिल्या. मला काम दिलं. मी म्हटलं, ठीक आहे. पोस्ट सुटलं त्याच महिन्यात हे आलं. आता ते काढून घेतलंत तर मी सकाळी उठून काय करू? हिच्याकडे बघत बसू?"

"काही नको," वहिनी म्हणाल्या. पण त्यांनी दादांच्या कपात चहा ओतला, आणि साखरेचा डबा त्यांच्याकडे सरकवला.

ताई खिडकीबाहेर बघत होती. आता सायकल परत आली होती आणि तिला ती पाठवता येत नव्हती. भाऊ चुकला होता, अगदी टाइप करून ठेवावा इतका चुकला होता, आणि तिला त्याची माया आली म्हणून तो कमी चुकलेला होत नव्हता. दोन्ही गोष्टी एका कागदावर कशा बसवायच्या हे एकतीस वर्षांत तिला कुणी शिकवलं नव्हतं.

"आई," छोटी म्हणाली, "विश्वस्ताला काढलं की त्याचं सगळं संपतं का? जाताना काही करावं लागतं त्याला?"

ताई वळली. वस्तू हवाली करावी लागते, ती म्हणाली. आणि माहिती द्यावी लागते. काय सांभाळलं, कसं सांभाळलं, कशाचं काय झालं, सगळं. लाभार्थ्यांनी विचारलं की त्याला सांगावंच लागतं. नाही सांगितलं तर तीही कर्तव्यच्युती.

"किती दिवसांत?"

"सगळी माहिती मिळेपर्यंत. लाभार्थ्याचं समाधान होईपर्यंत," ताई म्हणाली, आणि वाक्य संपता संपता तिला मुलीचं डोकं कुठे चाललंय ते दिसलं. तिने ओठ घट्ट मिटले. कोर्टात ती कधी हसली नव्हती.

छोटीने मग आपल्या अटी सांगितल्या आणि ताईने त्या नव्या कागदावर टाइप केल्या. मामांनी आत्ता, या टेबलावर, विश्वस्तपद सोडायचं. चषक द्यायचा, प्रदर्शनवाल्यांना पत्र लिहून मालकाचं नाव दुरुस्त करून घ्यायचं. बागेतल्या चार धरून तेराही पेट्या उद्या संध्याकाळी माश्या घरी परतल्या की फळबागेत जातील. बाळमामाच्या गाडीतून, आणि उरल्या तर दुसऱ्या खेपेला, पेट्रोल बाळमामाचं. दंतवैद्याने मान हलवली. एवढ्यावर सुटतोय हे त्याला खरं वाटत नव्हतं. आणि शेवटची अट, मामांनी प्रत्येक वसाहतीची संपूर्ण माहिती लाभार्थ्याला द्यायची. तोंडी. पेटीजवळ उभं राहून, लाभार्थ्याचं समाधान होईपर्यंत.

दादांनी पोस्टातल्या तारेसारखा मजकूर ऐकून घेतला, शब्द मोजत. ते म्हणाले की ते सही करणार नाहीत. त्यांनी दावाच लावायला सांगितला आहे.

"लावते," छोटी म्हणाली. "पण मग रविवार जाईल. मला दुसरं काम शोधावं लागेल, आणि चौदा वर्षांनी या पेट्या माझ्याकडे आल्या तर मला त्यांतलं काहीच येत नसेल. मग मी विकून टाकीन. ज्याला विकीन त्याला गुलाबी ठिपका कशाचा ते माहीत नसेल."

हे ती धमकी म्हणून बोलली नाही. तिचे डोळे भरले होते आणि ते तिने लपवले नाहीत. दादा बराच वेळ स्वतःच्या बोटांकडे पाहत राहिले. मग त्यांनी खिशातली दोन्ही पेनं काढली, एकाने लिहून पाहिलं, ते उठत नव्हतं, दुसऱ्याने सही केली. खाली तारीख घातली, आणि सवयीने वेळही.

ताईने कागद ओढून घेतला, तपासला आणि सांगितलं की दादा या क्षणापासून विश्वस्त नाहीत. दादा बसल्या जागी जरा लहान दिसू लागले. वहिनींनी त्यांच्या खिशातली बागेची किल्ली मागून घेतली. दंतवैद्य उगाचच खोकला.

"आता माहिती," छोटी म्हणाली आणि उठली.

गच्चीवर ऊन कललं होतं. दादा पहिल्या पेटीपाशी उभे राहिले, हात मागे बांधून, मालक नसलेल्या माणसासारखे. सुरुवातीला ते तुटक बोलले. ही शांत आहे. हिला उन्हाचा त्रास होतो. मग तिसऱ्या पेटीपासून त्यांच्या वाक्यांची लांबी वाढू लागली. हिची राणी तुझ्या आईसारखी, कामं वाटून देते आणि मग स्वतः तपासायला येते. चौथीच्या माश्या वाऱ्याचा दिवस असला की चिडतात, तेव्हा धूर द्यायचा नाही, नुसतं थांबायचं. सहावी गेल्या वर्षी मरायला टेकली होती, रोज सकाळी साखरेचं पाणी दिलं, एकोणीस दिवस. हे सांगताना त्यांचे हात सुटे झाले होते आणि हवेत चौकटी उचलत होते. ताई पडदा पांघरून पायरीवर बसली होती. दंतवैद्य मुखवटा वर करून ऐकत होता. वहिनी दोरी बांधायला खिळा कुठे मारता येईल ते बघत होत्या.

नवव्या पेटीपर्यंत यायला दोन तास लागले. दादांनी शेवटचं वाक्य पूर्ण केलं, घसा साफ केला, आणि आपलं काम संपलं हे त्यांच्या लक्षात आलं. शेवटी ताईनेच, कागदात तसं लिहिलं होतं म्हणून, मुलीला विचारलं.

"लाभार्थ्याचं समाधान झालं का?"

छोटी नऊही पेट्यांकडे पाहत होती. तिला सगळं समजलं होतं, पहिल्यापासून शेवटपर्यंत.

"नाही," ती म्हणाली.

दादांनी तिच्याकडे रोखून पाहिलं. या मुलीचं लक्ष कुठे असतं, असं काहीतरी ते पुटपुटले. मग त्यांनी बाह्या वर सारल्या आणि तरातरा चालत पुन्हा पहिल्या पेटीपाशी गेले.